भाव तिकडे ठरतो, म्हणूनच तो इथे शिकायला हवा

गेल्या महिन्यात सोलापुरातल्या एका पालकसभेला गेले होते. बी.कॉम. आणि बीबीए झालेल्या मुलांनी पुढे काय करावं, असा विषय होता. व्यासपीठावर परदेशी प्रवेश मिळवून देणारे एक सल्लागार होते आणि त्यांच्यामागच्या पडद्यावर ‘जागतिक अर्थव्यवस्था आणि बहुराष्ट्रीय व्यवसाय’ या विषयातल्या पदव्युत्तर पदवीची माहिती सरकत होती. कोर्स एक वर्षाचा, खर्च राहण्याखाण्यासकट तीस लाखांच्या घरात. दुसऱ्या रांगेतून एक सूतव्यापारी उठले. म्हणाले, “आमचे वडील चौथी शिकलेले. त्यांनी दुबईला माल धाडला आणि एकदाही पैसे बुडू दिले नाहीत. हे शिकायला तीस लाख कशाला घालायचे?” टाळ्या पडल्या. सल्लागारांनी उत्तरादाखल पगाराचे आकडे दाखवले. मग कर्जाचा हप्ता किती, व्हिसा किती महिन्यांचा, नोकरी नाही लागली तर काय, यावर दीड तास गेला. या विषयात नेमकं शिकतात काय, आणि ते सोलापूरच्या माणसाने शिकावं की नाही, यावर मात्र त्या दीड तासात कुणीच बोललं नाही.

तेव्हापासून हीच चर्चा मी स्टाफरूममध्ये, बँकेच्या रांगेत, नातेवाइकांच्या घरी ऐकते आहे, आणि सगळीकडे ती त्याच रुळावरून जाते. एक बाजू म्हणते, हा अभ्यास म्हणजे सोलापुरातून बाहेर पडायचं तिकीट. दुसरी म्हणते, तिकीट महाग आहे आणि गाडी पोचेल याची खात्री नाही. जागतिक अर्थव्यवस्था सोलापूरच्या बाहेर कुठेतरी असते, हे दोघांनीही धरून चाललेलं आहे. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. आपल्या टॉवेलचा, डाळिंबाचा, कांद्याचा, साखरेचा भाव ज्या निर्णयांनी वर-खाली होतो त्यातले बरेचसे सोलापुरात होत नाहीत, कित्येक तर भारतातही होत नाहीत. ज्याच्या मालाचा भाव परका ठरवतो, त्याने तो कसा ठरतो हे इतरांपेक्षा जास्त खोलवर शिकायला हवं. म्हणून हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवला गेला पाहिजे, तो इथे सोलापुरात शिकवला गेला पाहिजे, आणि इथलाच माल टेबलावर ठेवून शिकवला गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आपलं हे नातं काही काल-परवाचं नाही. रेल्वे सोलापूरला १८६० साली पोचली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि इकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला, शेतकऱ्यांनी जमिनीवर कर्ज उचललं. १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि भाव कोसळला. कर्ज मात्र चढत्या भावाच्या हिशेबाने घेतलेलं होतं. त्यात सरकारने शेतसारा वाढवला. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या पेटल्या, पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पसरले, आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यात पुणे, सातारा आणि नगरच्या जोडीला सोलापूर होतं. त्या दंग्यांना दुसरीही कारणं होती, हे मला माहीत आहे; दुष्काळ, सारा, कोर्टकचेऱ्या, सगळंच होतं. पण व्हर्जिनियात एक सेनापती शरण येतो आणि करमाळ्या-बार्शीकडच्या माणसाची जमीन गहाणात अडकते, या दोन घटनांना जोडणारा धागा तेव्हा इथे कुणाला दिसत होता? भाव का चढला हे ज्याला कळलं नाही, त्याला तो उतरणार हे कुठून सुचणार?

हा धागा मी स्वतः फार जवळून पाहिला आहे. माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. एम.कॉम.ला जाण्याआधी मी अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल निर्यातदाराच्या ऑफिसात कागदपत्रं करत होते. १९९७ ची दिवाळी नुकतीच झाली होती. एक कंटेनरभर माल, खरेदीदार युरोपातला, पैसे बँकेच्या एलसीवर, म्हणजे ठरलेले कागद वेळेत दिले तर बँकच पैसे देईल अशा हमीपत्रावर. ट्रक न्हावाशेवाला उशिरा पोचला, जहाज चुकलं, आणि पुढच्या जहाजाच्या बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवर, जी तारीख पडली ती एलसीतल्या शेवटच्या तारखेपेक्षा दोन दिवस पुढची होती. बँकेने कागद अडवले. खरेदीदाराचा फॅक्स आला, चूक माफ करतो पण किमतीत आठ टक्के सूट द्या. मालक रात्रभर ऑफिसात येरझाऱ्या घालत होते. “टॉवेलात एक धागा चुकलेला नाही, आणि दोन दिवसांसाठी आठ टक्के?” त्यांनी बँकेच्या मॅनेजरला शिव्या दिल्या, ट्रकवाल्याला दिल्या, मलाही बोलले. शेवटी सूट दिलीच. ती भरून काढायला त्या महिन्यात मागवाल्यांची डझनामागची मजुरी कमी केली. पगाराचा कागद माझ्याच अक्षरात होता.

दोन वर्षांनी एम.कॉम.च्या अभ्यासात मला त्या रात्रीचं उत्तर सापडलं, तेही दोन हप्त्यांत. पहिला हप्ता बँकव्यवहाराचा. एलसीचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांत स्वच्छ लिहिलेलं आहे की बँका कागदांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. टॉवेल सोन्याचा असला तरी तारीख चुकली की बँक पैसे द्यायला बांधील राहत नाही. मॅनेजरचा काहीच दोष नव्हता. दुसरा हप्ता मोठा होता. १९९७ च्या जुलैत थायलंडचं चलन कोसळलं, मागोमाग इंडोनेशियाचं आणि दक्षिण कोरियाचं. तिकडचा माल डॉलरमध्ये झपाट्याने स्वस्त झाला. आमच्या खरेदीदाराने सौदा केला होता तो त्याआधीच्या भावाने. त्याला तो महाग वाटू लागला असणार, आणि दोन दिवसांची चूक आयती हातात सापडली. म्हणजे बँकॉकमधल्या चलनाच्या घसरणीचा एक तुकडा साखर पेठेतल्या मागवाल्याच्या पगारातून कापला गेला, आणि कापणाऱ्यालाही त्याचा पत्ता नव्हता. हे तेव्हाच कळलं असतं तर सूट टळली असती का? कदाचित नसती. पण आठाच्या जागी तीन टक्क्यांवर घासाघीस झाली असती, पुढच्या सौद्यात डॉलरचा दर आधीच बांधून घेतला असता, एलसीतली तारीख वाढवून घेतली असती. निदान मजुरी कापताना मालकांना आपण नेमकं काय करतोय ते कळलं असतं.

आता त्या सूतव्यापाऱ्यांकडे येते, कारण विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा त्यांचा आहे. तेलुगू, कन्नड, मराठी, गुजराती आणि हिंदी या पाच भाषांत भाव पटवणारी, कागदाला हात न लावता सूत चिमटीत धरून काउंट, म्हणजे सुताची जाडी-बारकाई, सांगणारी, पार्टी पैसे बुडवणार हे तिच्या दुसऱ्या फोनवर ओळखणारी माणसं या शहराने घडवली आहेत. ही विद्या कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही. पंचवीस वर्षं शिकवूनही मला ती आलेली नाही. पण अनुभव जे घडून गेलं तेच शिकवतो. नियम बदलायचा झाला की तो नि:शब्द होतो. १९७४ पासून कापडाचा जागतिक व्यापार कोट्यावर चालत होता. कुणी कुठे किती टॉवेल पाठवायचे हे सरकारा-सरकारांत ठरायचं. १९९५ मध्ये करार लागू झाला की हे कोटे टप्प्याटप्प्याने उठतील आणि १ जानेवारी २००५ ला संपतील. दहा वर्षं आधी तारीख छापून आली होती. त्या दहा वर्षांत आमच्या ऑफिसात कोट्याचा विषय रोज निघायचा, पण एवढाच, की यंदा आपल्या वाट्याला किती येणार. कोटाच उठला तर चीनशी, पाकिस्तानशी कसं टिकायचं, यंत्रं कोणती घ्यायची, चार-सहा जणांनी मिळून रंगाई आणि फिनिशिंग एकत्र करायचं का, यावर एकदाही बैठक झाली नाही. याच काळात गुजरात आणि पंजाबात सुतापासून टॉवेलपर्यंत सगळं एका आवारात करणारे अवाढव्य कारखाने उभे राहिले, आणि आज जगातल्या मोठ्या टॉवेल उत्पादकांत त्यांची गणना होते. सोलापूरकडे कसब कमी होतं का? ते कसब तर पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं. कमी पडलं ते करार वाचून त्याचा अर्थ चार लोकांना सांगणारं माणूस. आणि अनुभवाची दुसरी मर्यादा याहून कठोर आहे. तो ज्याचा त्याच्यापाशी राहतो. व्यापाऱ्याची वही त्याच्या मुलाला मिळते, मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या मुलाला मिळत नाही. वर्गात शिकवलेली गोष्ट दोघांच्याही मुलांना मिळते.

असा करार वाचून सांगणारं माणूस शेतीला एकदा मिळालं होतं. शरद जोशी स्वित्झर्लंडमधल्या बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरीला होते. ती सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले आणि कांद्याच्या भावापासून त्यांनी सुरुवात केली. १९९१ च्या अखेरीस डंकेल मसुदा, म्हणजे नव्या जागतिक व्यापार कराराचा खर्डा, आला तेव्हा महाराष्ट्रातल्या पारांवर त्यावरून अक्षरश: भांडणं झाली. जोशींनी मसुद्याची बाजू घेतली, डाव्यांनी आणि कित्येक शेतकरी नेत्यांनी विरोध केला. जोशींचं सगळंच मला पटतं असं नाही. पण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातली कलमं मराठीतून, धोतर-टोपीतल्या माणसांसमोर उलगडली गेली, आणि त्या माणसांनी त्यावर उलट प्रश्न विचारले, हे त्या काळात घडलं. आज तशी भांडणं कुठे ऐकू येतात? २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हातात २ रुपयांचा चेक पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, आणि भाव जरा उठतोय तोच डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, ती थेट पुढच्या मे महिन्यात उघडली. आपण चेकचा फोटो पाहून हळहळलो. बंदीच्या काळात आपले परदेशी खरेदीदार कुणाकडे गेले आणि त्यातले परत किती आले, याचा हिशेब जिल्ह्यातल्या किती विद्यार्थ्यांनी मांडला?

चादरीचंच घ्या. देशात भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळवणाऱ्या अगदी पहिल्या काही वस्तूंत सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल आहेत. याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. तरी ‘सोलापुरी’ म्हणून दुसरीकडची चादर राजरोस विकली जाते, आणि आपण म्हणतो कायदा कुचकामी. कायदा नेमका कुठवर पोचतो ते किती जणांनी पाहिलं आहे? भारतातली जीआय नोंदणी भारतापुरती. युरोपात किंवा आखातात तुमचं नाव वापरलं गेलं तर तिथल्या कायद्याने वेगळं संरक्षण मिळवावं लागतं. आणि जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात एक जुना पंक्तिप्रपंच आहे. त्याच्या २३ व्या कलमाने वाइन आणि मद्याच्या नावांना जादा संरक्षण दिलं आहे. इतर सगळ्या वस्तूंना २२ व्या कलमातलं सौम्य संरक्षण, त्यात ग्राहकाची दिशाभूल झाली हे दाखवून द्यावं लागतं. शँपेनच्या नावाला जी भिंत आहे ती चादरीच्या नावाला नाही. भारत आणि इतर काही देश ही भिंत सगळ्यांसाठी मागत आले आहेत. या मागणीच्या पाठीशी पुरावे, आकडे, उदाहरणं घेऊन कुणी उभं राहायचं? ज्यांची चादर आहे त्यांच्या मुलांनी की आणखी कुणी?

साखरेची गोष्टही अशीच आहे, फक्त रक्कम मोठी. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. दर हंगामात एफआरपीवरून, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरावरून, आंदोलन होतं, टायर पेटतात. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी २०१९ मध्ये आपल्या साखरधोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली होती आणि एफआरपी हाच त्या तक्रारीचा एक खांब होता. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला. भारताने अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प आहे, कारण अमेरिका नव्या सदस्यांच्या नेमणुका होऊ देत नाही. निकाल लागलाय आणि लागू होत नाही, अशा त्रिशंकू अवस्थेत आपला ऊस उभा आहे. पंढरपूर-माळशिरसच्या शेतकऱ्याला हे कुणी सांगितलं आहे का? सांगायचं तर निकाल वाचता आला पाहिजे, आणि तो वाचायला बी.कॉम. पुरत नाही. अनुदान कशाला म्हणायचं, बाजारभावाचा आधार कसा मोजायचा, १९८६ ते १९८८ च्या किमती आजही मोजमापाला का धरतात, हे सगळं सावकाश, मन लावून शिकण्याचं काम आहे. पदव्युत्तर अभ्यासाची जागा नेमकी ही आहे.

डाव्या चळवळीत आयुष्य घातलेले माझे एक सहकारी आहेत. विडी कामगार बायकांसाठी या शहरात जे काही झालं त्यात अशा माणसांचा वाटा फार मोठा आहे, म्हणून त्यांचा आक्षेप मला टाळता येत नाही. ते म्हणतात, “बहुराष्ट्रीय कंपन्यांचा अभ्यास म्हणजे त्यांच्यासाठी नोकर तयार करणं. त्या कंपन्यांनी मजुरी पाडायची, आणि कशी पाडायची ते आपण आपल्याच पोरांना शिकवायचं?” या अभ्यासक्रमांची आजची पुस्तकं पाहिली तर त्यांची शंका रास्त आहे. पण दादाभाई नौरोजी काय होते? १८५५ साली ते लंडनला गेले ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून, इंग्लंडमधल्या पहिल्या भारतीय व्यापारी पेढीत. पुढे त्यांनी स्वतःची पेढी काढून कापसाचा व्यापारही केला. हुंडणावळ (चलनांच्या अदलाबदलीचा दर), निर्यात आणि नफा यांचे ताळेबंद त्यांना आतून माहीत होते, म्हणूनच भारतातून किती संपत्ती वाहून जाते याचा हिशेब ते सरकारच्याच आकड्यांवरून मांडू शकले. साम्राज्याला सगळ्यात जास्त झोंबलेली मांडणी एका निर्यात-आयात करणाऱ्या माणसाची होती.

आणि बाबासाहेब? ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा लंडनला लिहिलेला त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा सोन्याशी आणि पौंडाशी संबंध कसा असावा, हा विषय. ज्या समाजाला तळ्यावरचं पाणी मिळत नव्हतं त्याच्या मुलाने लंडनला जाऊन हुंडणावळीवर प्रबंध का लिहावा, असं आजच्या पालकसभेत कुणी सहज विचारलं असतं. उत्तर त्यांनी १९२५ मध्ये, भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढच्या साक्षीत दिलं आहे. रुपया स्वस्त ठेवला की व्यापाऱ्याचा फायदा होतो हे खरं, पण तो फायदा आकाशातून पडत नाही. किमती वाढतात, मजुरी मागे राहते, आणि मजुराच्या खिशातून निघालेला पैसाच तिकडे नफा म्हणून दिसतो, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. त्याच १९२५ साली त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. चलनाचा दर आणि वसतिगृह ही दोन कामं त्यांनी एकाच वर्षात एकाच कळकळीने केली. जागतिक अर्थव्यवहाराचा अभ्यास मालकांच्या बाजूचा असतो असं म्हणणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यावं. मजुरांच्या बाजूने अभ्यास करणारं कुणी उरलं नाही की तो मालकांच्या बाजूचा होतो, एवढंच.

अलीकडे एक नवा आक्षेप ऐकू येतो, की जागतिकीकरणच संपत चाललंय, मग ते शिकायचं कशाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क दोन हप्त्यांत ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा तर हा आक्षेप अगदी जोरात होता. पण त्या महिन्यात एमआयडीसीत ज्यांच्या ऑर्डरी थांबल्या त्यांना विचारा, जगाशी संबंध संपल्यासारखं वाटलं का? २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जाऊ लागली, भाडं वाढलं, माल उशिरा पोचू लागला. म्हणजे माझ्या त्या १९९७ च्या दोन दिवसांच्या उशिराचा प्रश्न कित्येकांपुढे दोन आठवड्यांचा होऊन उभा राहिला. घराचं छप्पर गळायला लागल्यावर वाशांची नीट माहिती करून घ्यायची की घर सोडून द्यायचं?

खर्चाचं मात्र मी सरळ मान्य करते. विडी वळणाऱ्या किंवा माग चालवणाऱ्या घरातल्या मुलाने या विषयासाठी तीस लाखांचं कर्ज काढून परदेशी जाऊ नये, असं मी स्वतः विद्यार्थ्यांना सांगते. शिष्यवृत्ती असेल तर जरूर जा. नाहीतर एका वर्षातले आठ-नऊ महिने शिक्षण, उरलेले नोकरीच्या धास्तीत, आणि परत आल्यावर पंधरा वर्षं हप्ते, यात विद्येला जागाच उरत नाही. आपल्याकडे ज्या वर्गांत हा विषय शिकवला जातो तिथली परिस्थितीही मला लपवायची नाही. अमेरिकेतल्या कॉफीच्या दुकानांच्या साखळीने चीनमध्ये शाखा कशा काढल्या हे मुलं पाठ म्हणतात. आपल्या शहरातून कंटेनर कसा निघतो ते एकानेही पाहिलेलं नसतं. डनिंग या अर्थतज्ज्ञाने बहुराष्ट्रीय कंपनी समजून घ्यायला तीन प्रश्न दिले. तिकडच्यांकडे नाही असं आपल्याकडे काय आहे, ते तिथे जाऊनच का करायचं, आणि दुसऱ्याला परवाना देऊन करून घेण्याऐवजी स्वतःच का करायचं. हे तीन प्रश्न आमची मुलं परीक्षेत बरोबर लिहितात. सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने २०१८ मध्ये जर्मनीतल्या आणि नेदरलँड्समधल्या कंपन्यांत हिस्सा घेतला, तेव्हा याच शहरातून एक बहुराष्ट्रीय कंपनी उभी राहिली. तिला हे तीन प्रश्न लावून पाहा, असा एखादा स्वाध्याय मी आजवर कोणत्याही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. त्या गुंतवणुकीचं पुढे काय झालं, काय फळलं, काय नाही, हे रिक्षाच्या अंतरावर जाऊन विचारता येतं.

एकेकाळी या शहराचा असा अभ्यास झाला होता. धनंजयराव गाडगीळ आणि पुण्याच्या गोखले संस्थेतल्या लोकांनी सोलापुरातल्या घरांची, धंद्यांची, मजुरीची पाहणी केली आणि त्यावरचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. पुण्याहून माणसं येऊन आपल्याला मोजून गेली. आता आपलं स्वतःचं विद्यापीठ आहे, २००४ पासून, एका जिल्ह्यासाठी असलेलं विद्यापीठ. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. युरोपला जाणाऱ्या डाळिंबावर कीडनाशकाचा अंश किती चालतो ते युरोपात ठरतं आणि फवारणीचं वेळापत्रक सांगोल्यात बदलतं. हा एकच विषय घेतला तर विज्ञान, कायदा, व्यापार आणि शेती या चारही विभागांची मुलं दोन वर्षं एका टेबलावर बसू शकतात. शिकवायचं मराठीतही, कारण लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये देशाचा व्यापार परक्या हातात का गेला हे मराठीतच लिहिलं आणि भाषा कुठे अपुरी पडली नाही. करार इंग्रजीत वाचावेत, समजावून मराठीत सांगावेत. आणि जोडीला एक परकी भाषा सक्तीची करावी. आपल्या द्वारकानाथ कोटणीसांनी १९३८ मध्ये चीनला गेल्यावर चिनी शिकून घेतली होती, तीही युद्धाच्या धामधुमीत.

माझी एक विद्यार्थिनी सध्या एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कुंभारीच्या घरकुलात राहते, आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. प्रबंधासाठी तिने एकच टॉवेल घेतला आहे. कस्टम्सच्या यादीत तो ६३०२ ६० या क्रमांकाखाली येतो. हा आकडा तिने वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. एका लांबलचक कागदावर तिने नऊ रकाने पाडले आहेत. पहिला वडिलांच्या मजुरीचा, तो त्यांच्याकडूनच भरून घेतला. शेवटचा युरोपातल्या दुकानातल्या किमतीचा, तो दुकानाच्या वेबसाइटवरून. मधले सात रकाने, म्हणजे सूत, रंगाई, वीज, मध्यस्थ, जहाजाचं भाडं, तिकडचं शुल्क आणि दुकानदाराचा नफा, गेले चार महिने रिकामेच होते. तीन कारखानदारांनी आकडे द्यायला नकार दिला. मग ती त्या पालकसभेतल्या सूतव्यापाऱ्यांच्या दुकानात गेली. ते आधी बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी फळीवरून वडिलांच्या हातच्या वह्या खाली काढल्या आणि म्हणाले, “बाहेर न्यायच्या नाहीत. इथेच बसून उतरून घे.” आता ती दर शनिवारी दुपारी तिथे जाते.